छाननी यंत्राची, नाव चिठ्ठीचं

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक टेम्पोवाला माझ्या ऑफिसात आला. हातात दरखास्तीची नोटीस आणि चेहरा उतरलेला. फायनान्स कंपनीकडून टेम्पोसाठी कर्ज काढलेलं, हप्ते थकलेले, आणि आता आमच्या जिल्हा न्यायालयात थेट वसुलीची दरखास्त. "वकीलसाहेब, दावा कधी चालला? मला तर कुणी बोलावलंच नाही," तो म्हणाला.

बोलावलं होतं. त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक इंग्रजी पीडीएफ पडून होती. फायनान्सवाल्यांकडून येणारी इंग्रजी पीडीएफ म्हणजे नव्या कर्जाची जाहिरात, हा त्याचा आजवरचा अनुभव, म्हणून त्याने ती उघडली नाही. इथून हजारेक किलोमीटर लांबच्या एका शहरात, एका लवादासमोर, म्हणजे खासगी पंचासमोर, त्याच्या गैरहजेरीत प्रकरण चालून निवाडाही झाला होता. निवाडा चार पानांचा. त्यातल्या सातव्या परिच्छेदात गाडीचा नंबर भलत्याच राज्यातला होता. आधीच्या कुठल्यातरी कर्जदाराचा मजकूर तसाच राहून गेला होता, नाव तेवढं बदललेलं. आणि हा लवाद नेमला कुणी? कंपनीने. करारनाम्यात मुंगीएवढ्या अक्षरात तसं कलम होतं, आणि त्याखाली याची सही होती.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेने लवाद निवडावेत की नाही या चर्चेत सहसा पंचतारांकित हॉटेलातली परिषद डोळ्यासमोर येते. दोन बलाढ्य कंपन्या, दोन्हीकडे महागडे वकील, आणि शंभर लवादांची माहिती चाळून तीन नावं सुचवणारं सॉफ्टवेअर. तिथे काय व्हायचं ते होवो. दोघंही आपापलं बघायला समर्थ आहेत. माझी काळजी आहे ती हे यंत्र खाली उतरून टेम्पोवाल्याच्या करारनाम्यात शिरेल तेव्हाची.

आधी शब्दांचा एक गुंता सोडवू. मराठीत 'लवाद' म्हटलं की अनेकांना कृष्णा पाणीतंट्याचा बच्छावत लवाद आठवतो, नाहीतर हरित लवाद. ती सरकारने कायद्याने स्थापलेली न्यायाधिकरणं. मी बोलतोय तो १९९६ च्या कायद्याखालचा लवाद: दोन पक्षांनी करारातच ठरवायचं, की वाद झाला तर कोर्टात न जाता अमुक रीतीने पंच नेमू आणि त्याचा निर्णय मानू. या व्यवस्थेचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे, संमती. न्यायाधीश कोण असावा हे दिवाणी दाव्यात पक्षकाराला विचारत नाहीत. लवादात विचारतात, आणि विचारतात म्हणूनच त्या निवाड्यावर पुढे नीटसं अपीलही ठेवलेलं नाही. कलम ३४ खाली तो रद्द करायचा तर कारणं मोजकी आणि वाट अरुंद.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. पेशवाईत वाद पंचायतीपुढे जाण्याआधी दोन्ही पक्षांकडून पंचांचा निवाडा मानू असा 'राजीनामा' लिहून घेत. राजी असल्याचा कागद, म्हणून राजीनामा. पुढे जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे आणि हरणारा येजितखत लिहून देई. आज राजीनामा म्हणजे खुर्ची सोडल्याचं पत्र. भाषेची गंमत अशी, की फायनान्सच्या करारनाम्यातल्या लवादकलमालाही हा आजचाच अर्थ जास्त शोभतो. कर्जदार सही करतो तेव्हा आपला पंच निवडायच्या हक्काचा राजीनामाच देत असतो.

कायद्याने हे ओळखायला वेळ लावला, पण ओळखलं. विधी आयोगाच्या २४६ व्या अहवालानंतर २०१५ ची दुरुस्ती आली. कोणते नातेसंबंध असले की माणूस लवाद होऊच शकत नाही, याची यादी या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत घातली गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं, की ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमूही नये. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, रेल्वे विद्युतीकरणाच्या एका कंत्राटावरून निघालेल्या प्रकरणात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने ठरवलं की एकतर्फी नेमणुकीचं कलम दोन्ही पक्षांना समान वागणूक देण्याच्या तत्त्वाला छेद देतं. सरकारी कंपन्यांनी लवादांच्या नावांचं पॅनेल ठेवायला हरकत नाही, पण समोरच्याला त्याच पॅनेलमधून निवडायला भाग पाडता येणार नाही.

आता कंपनीच्या विधी विभागात बसलेल्या हुशार माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. मालकाने लवाद नेमायचा नाही. संचालकाने नाही. मग कोण उरतं? सॉफ्टवेअर. करारात लिहायचं, "वाद उद्भवल्यास लवादाची निवड स्वयंचलित व तटस्थ संगणकीय प्रणालीद्वारे होईल." वाचायला काय सुरेख वाटतं. माणूसच नाही म्हटल्यावर पक्षपात कसला? त्या टेम्पोवाल्याला मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मशीन कंपनीचंच ना पण?"

वकिलीत मला वीसेक वर्षं झाली. याहून नेमका युक्तिवाद माझ्याकडे नाही.

कारण निवडणारं यंत्र आकाशातून पडत नाही. कुणीतरी ते विकत घेतं आणि दर महिन्याला त्याचं बिल भरतं. 'चांगला लवाद' म्हणजे काय, हे त्याला कुणीतरी शिकवतं. लवकर निवाडा देणारा चांगला की सावकाश ऐकून घेणारा? वर्षाला शेकडो वसुल्या करणाऱ्या कंपनीला पहिला हवा असतो आणि कर्जदाराला दुसरा. यंत्राला 'सरासरी किती दिवसांत निवाडा' हा निकष दिला, की ते पहिल्याला वर काढणार. त्यात कुणी लबाडी केली असं म्हणता येणार नाही. निकष कुणी लिहिला एवढंच विचारता येईल, आणि त्याचं उत्तर करारनाम्यात सापडणार नाही.

जगात सध्या जी चर्चा चालली आहे ती बहुतेक निकाल देण्याबद्दल आहे. अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशनने २०२५ च्या अखेरीस बांधकामाच्या, फक्त कागदपत्रांवर चालणाऱ्या वादांसाठी एआय लवाद आणला, शेवटचा हात माणसाचा ठेवून. केरळ उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं आणि निर्णय घ्यायला एआय वापरायचा नाही असं बजावलं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने न्यायदानात तथ्यं आणि कायदा लावायला मदत करणाऱ्या प्रणाली जास्त जोखमीच्या ठरवल्या, आणि त्यात न्यायालयाबाहेरच्या तंटानिवारणातला तसाच वापरही धरला. सगळ्यांचं लक्ष निकालाच्या टेबलावर आहे. निकाल देणाऱ्याला त्या टेबलाशी कोण आणून बसवतं, ही बाजू त्यामानाने अंधारातच राहिली आहे. आमच्या बाररूममध्ये मात्र वर्षानुवर्षं एक गोष्ट सगळे जाणून आहेत: लवाद ठरला की अर्धं प्रकरण ठरलं.

हे नुसतं बाररूममधलं बोलणं नाही. आंतरराष्ट्रीय गुंतवणूक तंट्यांच्या सुमारे १५० निर्णयांचा अभ्यास नेदरलँड्सचे नामवंत लवाद अल्बर्ट यान फान डेन बेर्ख यांनी केला होता. त्यात भिन्नमताची, म्हणजे एका लवादाने बाकीच्यांपेक्षा वेगळं मत लिहिल्याची, ३४ प्रकरणं निघाली. भिन्नमत देणारा लवाद जवळपास प्रत्येक वेळी हरलेल्या पक्षानेच नेमलेला होता. ही सगळी जगभर मान असलेली विद्वान माणसं. पैसे खाल्ले असं कुणी म्हणत नाही. पण ज्याने बोलावलं त्याच्याकडे मान जरा कलतेच.

आता याच रोगावर यंत्राचं औषध देऊन बघा. बड्या वकिली कार्यालयातला माणूस त्याला 'तटस्थ लवाद सांग' असं कशाला विचारेल? तो विचारणार, 'करारातल्या दंडाच्या कलमावर आमच्या बाजूने कोण झुकेल?' आणि यंत्र प्रामाणिकपणे टक्केवारी देणार. जे आजवर अंदाजाने चालायचं ते अचूक होईल, इतकाच फरक. दोन्ही पक्षांकडे तसं यंत्र असेल तर निदान बरोबरी. एकाकडेच असेल, तर एक डोळे उघडे ठेवून खेळणार आणि दुसरा पट्टी बांधून. आणि ते एकाकडेच असणार, कारण यंत्राला लागणारा दाणागोटा म्हणजे जुने निवाडे, आणि ते बाजारात मिळत नाहीत. आपल्या कायद्यात २०१९ पासून कलम ४२अ आहे, लवादाचं कामकाज गोपनीय ठेवायचं. जी कंपनी वर्षाला शंभर लवादी प्रकरणं चालवते तिच्या कपाटात शंभर निवाडे जमतात. टेम्पोवाल्याच्या घरी एक, तोही चुकीच्या गाडीनंबराचा.

इथे उलट बाजूही सांगायला हवी, आणि ती हलकी नाही. अमेरिकेतल्या प्राध्यापक कॅथरीन रॉजर्स यांनी 'आर्बिट्रेटर इंटेलिजन्स' हा उपक्रम याच असमानतेवर उपाय म्हणून काढला होता. लवादांविषयीची माहिती मूठभर कार्यालयांच्या कुजबुजीत अडकून पडते, ती गोळा करून सगळ्यांना मिळाली तर नवख्या वकिलालाही समान जमीन मिळेल, हा विचार. मला तो पटतो. तालुक्यातल्या वकिलाला मुंबईतला कोणता लवाद कसा आहे हे विचारायला माणूस नसतो. चार फोन फिरवले की "बरा आहे हो" एवढंच कळतं. तिथे खुली, सगळ्यांना सारखी मिळणारी माहिती म्हणजे उपकारच. आणखी एक कबुली. यंत्र कारण सांगत नाही, अशी तक्रार आपण करतो. पण कलम ११ खाली उच्च न्यायालय लवाद नेमतं तेव्हा अमक्याच निवृत्त न्यायमूर्तींचं नाव का आलं, हे तरी आदेशात कुठे असतं? नाव येतं, दोन्ही वकील मान डोलावतात, पुढची केस पुकारली जाते. माणसाची पसंतीही बंद पेटीच असते.

पण म्हणून बंद पेटीच्या जागी दुसरी बंद पेटी आणायची का? शिवाय दुसरीत पहिलीचाच माल भरलेला असणार. आजवर ज्यांना नेमलं त्यांच्याच नोंदींवर यंत्र शिकणार, म्हणजे उद्याही ते त्यांनाच वर काढणार. अ‍ॅमेझॉनने नोकरभरतीसाठी असं एक यंत्र बनवलं होतं. दहा वर्षांचे अर्ज वाचून ते बायकांचे अर्ज खाली ढकलायला शिकलं, आणि कंपनीला ते मोडीत काढावं लागलं. ही बातमी २०१८ ची. त्याच वर्षी रॅपर जे-झी न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला. त्याच्या ट्रेडमार्कच्या वादासाठी दिलेल्या लवादांच्या लांबलचक यादीत कृष्णवर्णीय लवाद जवळजवळ नव्हतेच, आणि हा भेदभाव आहे असं त्याचं म्हणणं. ती यादी माणसांनी केली होती. उद्या तशाच यादीवर शिकलेलं यंत्र तशीच यादी देईल, आणि तेव्हा दोष कुणावर ठेवायचा हेसुद्धा कळणार नाही. आपल्याकडची नेमणुकांची नोंद कुणी मांडली तर तीत निवृत्त न्यायमूर्तींची दाटी दिसेल. उसाच्या तोडणी-वाहतुकीच्या करारातले खाचखळगे जाणणारा माणूस, बाजार समितीतला हिशेब डोळे मिटून समजणारी एखादी महिला सीए, यांची नावं त्या नोंदीत कुठून असणार? जो कधी नेमलाच गेला नाही तो यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही.

याहून मला टोचते ती आणखी एक गोष्ट. माणसाला आपल्याला गुण मिळतात हे कळलं की तो गुणांसाठी वागतो. रिक्षावाला उतरताना "पाच स्टार द्या हं साहेब" म्हणतो, त्याचं पोट त्यावर आहे. लवादाला कळलं की आपली प्रत्येक ओळ कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या रकान्यात पडते आणि पुढची नेमणूक त्यावर ठरते, तर तो काय करेल? कुणालाच फार दुखवणार नाही. एक कोटी मागितले की पन्नास लाख देईल. पूर्ण मागणी फेटाळायची वेळ आली तरी थोडं काहीतरी पदरात टाकेल, म्हणजे कुणाच्याच रकान्यात लाल खूण नको. दोघांनाही गप्प बसवायला अर्धं-अर्धं वाटून दिल्यासारखा निवाडा. ज्याचं खरंच एक कोटीचं नुकसान झालं त्याने याला न्याय का म्हणावं?

मग यंत्र हाकलून द्यायचं का? नाही. त्याच्या जोगतं काम आहे आणि ते माणसं फार वाईट करतात. कायद्याची पाचवी अनुसूची सांगते, की गेल्या तीन वर्षांत एकाच पक्षाने कुणाला दोन किंवा अधिक वेळा लवाद नेमलं असेल तर त्याच्या निःपक्षपणावर रास्त शंका घेता येते. सहाव्या अनुसूचीत लवादाने स्वतःची माहिती उघड करायचा नमुना आहे. आज हे सारं लवादाच्या स्वतःच्या सांगण्यावर चालतं. त्याने नाही सांगितलं तर कर्जदार शोधणार कुठून? कुठल्या कंपनीची कोणती उपकंपनी, तिथे लवादाचा कोण नातेवाईक कायदा सल्लागार, कितव्यांदा त्याच गटाकडून नेमणूक, हे जुळवणं म्हणजे यंत्राच्या हातचा मळ. त्याने ते करावं, आणि निघालेली यादी दोन्ही पक्षांना एकाच वेळी, एकाच भाषेत, मराठी माणसाला मराठीत, मिळावी. गोपनीयता ठेवूनही नेमणुकांची संख्या जाहीर करता येते. निवाड्यात काय लिहिलं ते झाका, किती वेळा कुणी नेमलं ते झाकायचं कारण नाही.

आणि नाव? नाव चिठ्ठीने काढा.

हे वाचून काही वकील मित्र हसतील. चिठ्ठी म्हणजे जुगार, लवाद निवडायला काही विचार नको का, असं म्हणतील. पण आपण चिठ्ठीवर याहून मोठ्या गोष्टी सोपवतो. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत गावासमोर निघते, शाळकरी पोर डब्यात हात घालतं, आणि ज्याचा पत्ता कटतो तो चिडतो, पण डब्यावर संशय घेत नाही. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांची मतं सारखी झाली. मोजणी पुन्हा झाली, तरी बरोबरीच. शेवटी चिठ्ठी काढली आणि भाजपचे अतुल शाह नगरसेवक झाले. ज्या पालिकेचा अर्थसंकल्प काही छोट्या राज्यांपेक्षा मोठा, तिथली एक जागा चिठ्ठीवर गेली. ईश्वरचिठ्ठी म्हणायचं आणि पुढे जायचं. चिठ्ठीला कुणाच्या बाजूचं काही माहीत नसतं आणि तिला कुणी पगार देत नाही. मुख्य म्हणजे ती कशी चालते हे टेम्पोवाल्याला समजतं. संमती द्यायची तर कशाला देतोय हे कळायला हवं. अल्गोरिदमला दिलेली संमती ही त्या मुंगीएवढ्या अक्षरांचीच पुढची आवृत्ती होईल.

चिठ्ठीतली खोट मला ठाऊक आहे. डब्यात कोणती नावं टाकली यावर सगळं आहे. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिणारे बहाद्दर आपण कथांत वाचले आहेत आणि काही प्रत्यक्षातही पाहिले आहेत. म्हणून डबा मोठा हवा आणि तो कुठल्याही पक्षाचा नको. दिल्ली मेट्रोच्या एका प्रकरणात २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं होतं. मेट्रोने आपल्या पॅनेलमधली पाचच नावं कंत्राटदारापुढे ठेवली होती. न्यायालय म्हणालं, असं पाचांत कोंडू नका, यादी रुंद करा, खासगी क्षेत्रातले अभियंते, वकील, हिशेबतज्ज्ञ घ्या. अशी रुंद यादी जिल्हावार विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा एखाद्या लवाद संस्थेकडे असू शकते. यंत्राने त्यातून हितसंबंध असलेली नावं बाजूला काढावीत, विषयाचं ज्ञान नसलेली काढावीत, मग उरलेल्यांत चिठ्ठी. शंभर कोटींच्या वादात दोन कंपन्यांना एकमेकींच्या पसंतीने पंच निवडायचा असेल तर त्यांनी खुशाल निवडावा. चिठ्ठी हवी ती जिथे एक पक्ष रोज लवादात असतो आणि दुसरा जन्मात एकदा, तिथे.

तसं पाहिलं तर आणखी एक मोठा गट आहे ज्याला निवडीचा प्रश्न कधी विचारलाच गेलेला नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्याला मोबदला कमी वाटला तर १९५६ च्या महामार्ग कायद्याच्या कलम ३जी(५) खाली तो लवादाकडे जातो. तो लवाद केंद्र सरकार नेमतं, आणि तो बहुधा महसूल खात्यातलाच अधिकारी असतो. जमीन घेणारं सरकार, दर ठरवणारं सरकार, त्यावर लवाद नेमणारंही सरकारच. गावात म्हणतात, "लवादाकडे अपील टाकलंय," जणू तो वरचा साहेबच आहे. चुकीचं कुठे आहे? तिथे उद्या कुणी एआय बसवला आणि त्याला 'सुधारणा' म्हटलं, तर मी आधी विचारीन की त्याच्या यादीत महसूल खात्याबाहेरचं एक तरी नाव आहे का.

मी स्वतः गेल्या काही महिन्यांपासून अशिलांच्या करारात एक कलम घालू लागलो आहे. कलम ११(२) नुसार लवाद कसा नेमायचा ही पद्धत पक्षांना ठरवता येते, त्यामुळे अडचण नाही. प्रत्येकाने तीन नावं द्यायची, प्रत्येकाला समोरच्याचं एक नाव कारण न देता खोडता येईल, उरलेल्या चारांच्या हितसंबंधांची तपासणी दोघांना मान्य असलेल्या संस्थेकडून, आणि मग दोन्ही पक्षांसमोर चिठ्ठी. गोदाम भाड्याने देणाऱ्या एका व्यापाऱ्याने ते वाचलं, म्हणाला ठीक आहे, आणि सही केली. दुसऱ्या करारात समोर एक बिल्डर होता. त्याच्या वकिलाने ते कलम लाल शाईने खोडलं आणि समासात लिहिलं, 'आमचं नेहमीचं घ्या.' तो मसुदा अजून माझ्या टेबलावर आहे, तीन आठवडे झाले.